आईचा धडा पिशोरला पोचेना

माझी आई नोकरीची सगळी वर्षं बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायची. सिल्लोडमार्गे फर्दापूर, फुलंब्रीमार्गे पिशोर, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे हे ती इतक्या निवांत सांगायची, की पळत सुटलेला माणूससुद्धा चालायला लागायचा. घरात ती आम्हा सगळ्यांसारखीच लई, व्हय, नाय करत बोलते. पण समोर माईक आला की तिची भाषा इस्त्री करून येते. वर्गातली पोरं माझ्यासमोर तिची नक्कल करायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज विचाराल तर मला जगात तो आवाज सगळ्यात जास्त आवडतो.

निवृत्त झाल्यावर त्या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न आईपेक्षा बाबांना जास्त पडला. ती टीव्हीवरच्या बाईच्या आधी बातमी पूर्ण करायची, दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायची, आणि बाबा भाजी आणायला निघाले की दारापर्यंत सूचना देत यायची. मग कॉलनीतल्या एका बाईंनी तिला एका वाचक गटात नेलं. हा गट अंध विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. आईचा नमुना ऐकून ते खूश झाले. दोन वाक्यांमध्ये गाडी सुटायची वाट पाहिल्यासारखं थांबू नका, एवढंच काय ते म्हणाले.

तिच्या वाट्याला पिशोरची एक मुलगी आली. जन्मापासून दिसत नाही, घरी राहून बहिःस्थ बी.ए. करते, विषय राज्यशास्त्र. आई एकेक धडा वाचायची, मुलगी तो फोनवर ऐकायची आणि लगेच आवाजातच निरोप पाठवायची, काकू, ऐकला, छान समजला. तो निरोप आई आधी स्वतः ऐकायची, मग बाबांना ऐकवायची, मग बाबांच्या फोनवरून मला फोन लावून, फोनला फोन चिकटवून ऐकवायची. मी गारखेड्याला राहते, आई-बाबा हर्सूलला. शहर एकच, अंतर फार नाही, पण आईला फोन जास्त भरवशाचा वाटतो.

गटाची ध्वनिमुद्रणं क्लाउडवर राहतात आणि क्लाउड हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे आईची तांत्रिक बाजू माझ्याकडे होती. आधी तिला वेबपेज उघडून फाइल चढवायला शिकवलं. ते तिला जमायचं, पण पटायचं नाही. लॉगिन, पासवर्ड, बटण, मग ती फिरणारी चकली बघत बसायचं. एके दिवशी वैतागून म्हणाली, मला सरळ एक फोल्डर दे, त्यात टाकलं की माझं काम संपलं.

म्हणून मी तिच्या लॅपटॉपवर क्लाउडची साठवण माऊंट करून दिली. क्लाउडमध्ये खरं तर फोल्डर नसतातच. ते एक अवाढव्य गोदाम असतं आणि तिथं प्रत्येक वस्तू आपापल्या लांबलचक नावानं ठेवलेली असते. शिवाय तिथल्या वस्तूचा एखादा तुकडा बदलता येत नाही, एका सेकंदाचा खोकला कापला तरी अख्खी फाइल पुन्हा पाठवावी लागते. माऊंट करणं म्हणजे लॅपटॉपला पटवून देणं, की बाबा रे, हे गोदाम नाही, तुझ्याच घरातलं कपाट आहे. लॅपटॉप पटतो, पण त्याआधी त्या एका ओळीच्या आज्ञेत बरेच पर्याय लिहून द्यावे लागतात. फाइली कुणाच्या मालकीच्या दाखवायच्या, यादी किती वेळानं ताजी करायची, लॅपटॉपवर तात्पुरती जागा किती राखायची, आणि सेव्ह केलेली फाइल किती वेळ थांबवून मग वर पाठवायची.

त्या शेवटच्या पर्यायापाशी मी बरीच डोकॅलिटी लढवली. आई लाईट जाण्यावर पोसलेल्या पिढीतली आहे. तिनं एक परिच्छेद वाचला की सेव्ह, पाणी प्यायली की सेव्ह, उठता उठता आणखी एकदा सेव्ह. प्रत्येक वेळी ती जाडजूड फाइल वर जायला निघाली असती तर नेटचा जीव गेला असता. मी थांबण्याची मुदत एक तास ठेवली. म्हणजे फाइलला तासभर कुणी हात लावला नाही की ती शहाण्यासारखी आपोआप वर जाणार, तोवर लॅपटॉपच्याच पोटात बसून राहणार. आईला मात्र ती लगेच फोल्डरमध्ये दिसणार. मी तिला सांगितलंही, फोल्डरमध्ये दिसली की झालं. हिवाळाभर सगळं सुरळीत चाललं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिले.

होळी झाली आणि घरात कूलर लागला. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. कूलर आतल्या खोलीच्या खिडकीत, आणि आईचं वाचनही त्याच खोलीत, कारण बाहेरच्या खोलीत रस्त्यावरचे हॉर्न आणि भंगारवाल्याची आरोळी थेट माईकमध्ये येते. कूलर चालू ठेवून वाचलं तर विहिरीवरच्या मोटारीशेजारी बसल्यासारखं ऐकू येतं. म्हणून आई सकाळी कूलर बंद करून, पंखाही बंद करून, दार लावून आत बसायची आणि पाऊण तासात घामानं निथळत बाहेर यायची. तेवढा वेळ बाबा ओला पंचा डोक्यावर घेऊन ओट्यावर बसायचे. तापलेला लॅपटॉप जळेल या भीतीनं आई तो लगेच बंद करायची.

त्याच दिवसांत त्या मुलीनं एका निरोपात सहज सांगितलं, की काकू, मी तुमचा धडा दुप्पट वेगानं लावते, म्हणजे लवकर होतो. ऐकून शिकणारी सगळीच मुलं तसं करतात, त्यांच्या कानांना ती सवय असते. हे मला माहीत होतं, आईला नव्हतं. आयुष्यभर ज्या आवाजानं पळणाऱ्या माणसांना थांबवलं, तोच आवाज कुणीतरी पळवत नेत होतं. बाबा म्हणाले, त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

पुढचा धडा पंचायत राजचा होता, आणि मुलीची परीक्षा तोंडावर आलेली. आईनं तो वाचला, सेव्ह केला. निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईला वाटलं, आपलं वाचन संथ होतं म्हणून पोरीनं अर्ध्यात सोडलं असणार. तिनं तोच धडा पुन्हा वाचला, जरा भरभर. तरी काही नाही. मग आणखी भरभर. बाबांनी दाराबाहेरून ऐकलं ते मला सांगितलं: ग्रामसभा, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद एकाच गाडीत कोंबून बाई चालली होती. रोजचं नवं वाचन जुन्यावर सेव्ह होत होतं आणि पिशोरहून एक शब्द येत नव्हता. पोरीला फोन करून विचार, असं बाबांनी सुचवलं, तर म्हणाली, आपण होऊन कसं विचारायचं, आवडलं का म्हणून?

मला यातलं काही माहीत नव्हतं. एके दिवशी दुपारी तिचा फोन आला, इकडचं तिकडचं झालं आणि मग ती म्हणाली, "माझा आवाज म्हातारा झालाय का गं?"

मी हातातलं काम ठेवून दिलं. आईनं असा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. थोडं टोकरल्यावर सगळं बाहेर आलं. मी बोलता बोलताच साठवण उघडून पाहिली. पंचायत राज तिथं नव्हतंच. आधीचे सगळे धडे होते, हा एक नव्हता. मी म्हटलं, आई, तुझा आवाज राहू दे, तुझा धडाच पोचलेला नाही. तू सेव्ह केला होतास ना? ज्या बाईनं उभ्या आयुष्यात सेव्हशिवाय दुसरं बटण दाबलं नाही तिला मी हे विचारलं. तिनं पडद्याचा फोटो काढून पाठवला. फोल्डर उघडा होता आणि आत पंचायत राज झळकत होतं. तिच्या कपाटात होतं, गोदामात नव्हतं. लांबून लॅपटॉपमध्ये शिरून पाहावं म्हटलं तर तिकडचं नेटच बंद.

रविवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि दिल्ली गेटवरून हर्सूल गाठलं. आई आत वाचायला बसली होती, बाबा ओट्यावर पंचा घेऊन. मी त्यांच्या शेजारी बसले. दारातून आईचा आवाज येत होता. ती आज भरभर वाचत नव्हती, तिच्या नेहमीच्या चालीनं वाचत होती. बाबा म्हणाले, काल मला म्हणाली, आता जसं येतंय तसंच वाचणार, घ्यायचं तर घ्या. आम्ही दोघं ऐकत राहिलो. ग्रामसभेला इतक्या मायेनं कुणी वागवलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

दार उघडलं. आई पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि सत्तरीतले माझे बाबा पोरासारखे टुणकन उठून आत गेले. मी मागोमाग. त्यांनी खिडकीजवळच्या बोर्डातून नेटच्या राउटरची पिन उपटली आणि त्याच जागी कूलरची पिन ठोकली. बोर्डावरचं दुसरं सॉकेट जळून काळं पडलं होतं. कूलर घरघरला, बाबांनी डोळे मिटले.

"बाबा, ते काय काढलंत?"

"नेटची डबी. तिचं झालं ना वाचून."

"फाइल अजून वर जायचीय."

"कुठं जायचीय? आवाज तर बंद झालाय."

मला हसू आवरेना. पाऊण तासात वाचन संपायचं, लॅपटॉप बंद व्हायचा, राउटर निघायचा. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू झाला की एक तासाची मोजणी पहिल्यापासून, त्यात आई धडा पुन्हा सेव्ह करून ती आणखी मागं न्यायची. ती जितकी जीव तोडून धडा सुधारत होती तितका तो घरातच बसत होता. काखेत कळसा आणि आम्ही पिशोरला वळसा घालत होतो.

मी हे बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, एक तास कशाला थांबवलं? मी म्हटलं, ती सारखी सेव्ह करते म्हणून. मग तिला सांगितलं का नाही, की हे असं तास थांबतं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणून ते कूलरसमोर आडवे झाले.

मी कूलरची पिन काढली, तेव्हा त्यांनी केलेला चेहरा इथं लिहिण्यासारखा नाही. राउटर लावला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, थांबण्याची मुदत एक तासावरून दोन मिनिटांवर आणली, आणि वर जायच्या फाइली किती उरल्यात ते दाखवणारी एक छोटी खिडकी पडद्याच्या कोपऱ्यात ठेवली. आईला सांगितलं, तिथं शून्य दिसल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही, नवऱ्यालासुद्धा. मग वायरमनला फोन करून ते जळकं सॉकेट बदलून घ्यायचं ठरवलं. इतकी वर्षं ते तसंच होतं आणि घरात कुणालाच ते दिसलं नव्हतं.

आई खुर्ची ओढून त्या कोपऱ्याकडे टक लावून बसली. आकडा शून्यावर आला तसं तिनं विचारलं, "कोणता गेला?"

"शेवटचा. आजचा."

"भरभरवाले?"

"ते तू स्वतःच पुसलेस. एकावर एक सेव्ह केलंस ना."

बरं झालं म्हणाली, आणि पोहे करायला उठली. पण पोहे करताना तिनं फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर गॅसजवळ ठेवला होता. खाताना ताटाजवळ ठेवला. मी तिला म्हणणार होते, अगं, ऐकायला वेळ लागतो. पण तिचा चेहरा पाहून राहू दिलं. मला त्या क्षणी पिशोरच्या त्या न पाहिलेल्या मुलीचा राग येत होता आणि तिनं फोन करावा म्हणून मी मनातून हातही जोडत होते.

जेवणं होऊन गेली तेव्हा फोन वाजला. निरोप नव्हता, मुलगी स्वतःच बोलत होती. आईनं स्पीकर लावला, कारण एवढं मोठं एकटीनं ऐकायची तिची तयारी नव्हती.

"काकू, धडा भेटला. मला वाटलं तुम्ही आता वाचायच्याच नाय. दुप्पट वेगाचं बोलले ना मी, लई वाईट वाटलं मागून. इचारायचं पण धाडस होईना."

आईनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. म्हणेल, छे गं, त्यात काय एवढं, असं मला वाटलं.

"रागावले व्हते मी," आई म्हणाली.

"मंग वाचला कशाला?"

"राग माझा हाय. पेपर तुझा हाय ना?"

पलीकडे मुलगी रडत होती, हे आम्हाला तिघांनाही कळलं. आईनं ते ऐकू न आल्यासारखं केलं, घसा साफ केला आणि एकदम स्टँडवरच्या भाषेत विचारलं, "मग आज किती पट वेगाने ऐकलास?"

"साधाच लावला काकू," मुलगी म्हणाली. "लई दिवसांनी आला व्हता, लवकर संपू नाय वाटलं."