टाकीतला समुद्र

नगरच्या कॉलेजात मी सिव्हिल शिकवते. इथून समुद्र बघायचा तर घाट उतरून जावं लागतं, तरी माझं संशोधन समुद्रकाठच्या काँक्रीटवर. कोकणात कालवांच्या शिंपल्यांचे ढीग किनाऱ्यावर नुसते पडून असतात. त्या दळून थोड्या सिमेंटच्या जागी वापरायच्या आणि असं काँक्रीट खाऱ्या पाण्यात किती टिकतं ते बघायचं, एवढंच काम. त्यासाठी समुद्राच्या पाण्याचे ड्रम टेम्पोतून आणवले आणि प्रयोगशाळेच्या टाकीत काँक्रीटचे ठोकळे वर्षभरासाठी बुडवले. आसपासची गावं टँकरची वाट बघत होती आणि मी भाडं भरून खारं पाणी आणत होते. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," असं सहकारी तोंडावर म्हणायचे. मला राग यायचा. तो मला पटकनच येतो.

प्रयोगशाळेत एक मामा होते. ठेकेदारामार्फत लागलेले, घोडेगावच्या पुढून रोज एसटीने येणारे. घरात तोच एक पगार. उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी आत आले, तर मामा पिण्याच्या पाण्याचा जार टाकीत रिकामा करत होते.

"मामा, काय करताय हे?"

"पानी आटलं हुतं मॅडम. ठोकळं उघडं पडाया लागलं. आदीबी तीन-चार येळा घातलंय, टाकीवरच्या त्या रंगाच्या खुनंपर्यंत."

माझं डोकंच फिरलं. समुद्रात गोडं पाणी! महिन्यांची मेहनत मातीत गेली, असं वाटलं. मुलांसमोर मी त्यांची अक्कल काढली. पुरावा हवा म्हणून टाकीतलं पाणी बाटलीत भरून ठेवलं आणि विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार दिली. पुढच्या सोमवारी मामांच्या जागी दुसराच माणूस आला.

त्यानंतर टाकीला मी कुणाला हात लावू दिला नाही. पातळी उतरली की उरलेल्या ड्रममधलं समुद्राचं पाणी स्वतः ओतायची. काही महिन्यांनी पाण्यातलं मीठ मोजलं. समुद्रापेक्षा कितीतरी जास्त. उष्णतेने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि त्यात मी खाऱ्याची भर घालत गेले होते. मग ती पुराव्याची बाटली शोधून काढली आणि तपासली. ते पाणी जवळपास समुद्राइतकंच खारट होतं. आमटी आटली की आपण वरून पाणी घालतो, मीठ नाही. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला एवढं कळू नये? चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती. त्या दिवशी प्रयोगशाळेचं दार लावून रडले.

मामांना शोधत गेले तेव्हा ते घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात सापडले. टेम्पोत म्हशी चढवायच्या रोजंदारीवर होते. शेणात उभं राहूनच मी सगळं सांगितलं. तुमचं बरोबर होतं, चूक माझी, हेही म्हटलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजी ठोकळं वाया गेलं म्हना की," ते हळहळून म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मोठ्या सरांना सांगितलं का हे?"

विभागप्रमुखांना ते मोठे सर म्हणत. मी सांगितलं नव्हतं.

"सांगते," मी म्हटलं.

"सांगा मॅडम. तुमच्या शब्दावर परत घेत्याल. मी फोनची वाट बघतो."

प्रयोग नव्याने मांडायचा तर परवानगी लागते. पुढच्या आठवड्यात अर्ज घेऊन मी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. तक्रारीवरची माझी सही डोळ्यांसमोर येत होती. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि पहिला प्रयोग का फसला ते विचारलं.

टाकी गळत होती, असं मी सांगितलं.