नामदेवदादांची पट्टी

सुलोचनावहिनी मला कधी फोन करत नसत. जे काही बोलायचं ते नामदेवदादा बोलत, आणि शेवटी "घ्या, वहिनीशी बोला" म्हणून फोन त्यांच्या हातात देत. त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी, सिंगापूरमध्ये तांजोंग पगारच्या ऑफिसात बैठक चालू असताना, टेबलावरच्या फोनवर वहिनींचं नाव तिसऱ्यांदा उमटलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी उठून लिफ्टपाशी आले. "ताई, हे सकाळी घोडीला पाणी पाजायला गेले… तिथंच बसले. उठलेच नाहीत." एवढंच बोलून त्या थांबल्या. लिफ्ट उघडली, आतून कुणीतरी खाली जायचंय का म्हणून विचारलं, मी नाही म्हणून मान हलवली. दार मिटलं. फोन चालूच होता.

त्याला आता सहा आठवडे झाले. क्वालालंपूर, पर्थ, मेलबर्न, दुबई अशा ठिकाणच्या मराठी मंडळींना नामदेव टाव्हरे ठाऊक आहेत ते रंगमंचावरचे. डाव्या हाताच्या वाकलेल्या कोपरात दिमडी दाबून धरलेला, डोळे मिटून बैलांची गाणी म्हणणारा सडपातळ माणूस. मला ते भेटले तेव्हा त्यांच्या हातात दिमडी नव्हती, बादली होती.

२०११ साली आम्ही चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मुलगी, इरा, तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला घोडेस्वारीचं वेड लागलं होतं. क्रांजीच्या बाजूला घोडेस्वारी शिकवणारी एक जागा होती, तिथे दर शनिवारी मी तिला घेऊन जायचे आणि कुंपणाबाहेर उन्हात उभी राहायचे. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी शेजारच्या बांधकामावरून पत्रा कोसळला. इराचा घोडा बिथरला आणि थेट फाटकाकडे सुटला. फाटक उघडं होतं. पलीकडे रस्ता, आणि त्या रस्त्याने दिवसभर वाळूचे ट्रक धावायचे. शिकवणारी बाई ओरडत मागे पळत होती, मी "आई गं, आई गं" करत होते, आणि इरा घोड्याच्या मानेला चिकटून बसली होती, तोंडातून आवाजही न काढता. तेवढ्यात एक माणूस बादली टाकून फाटकात येऊन उभा राहिला. तो पळाला नाही, हात पसरले नाहीत. घोड्याकडे अर्धी पाठ करून त्याने एक लांब हाक दिली, वरून खाली हळूहळू उतरत येणारी. "होऽऽ… हो राजा… होऽऽ." घोड्याचे कान वळले. पुन्हा तीच हाक. घोड्याची चाल मोडली, आणि ट्रकच्या रस्त्यापासून पाच-सहा पावलांवर तो येऊन त्या माणसाच्या खांद्याला नाक घासत उभा राहिला. इराला खाली उतरवत त्याने विचारलं, "भ्यालीस का गं बाय?" मी थिजलेच. मराठी? इथे? "तुम्ही 'आई गं' म्हणाला, तवाच वळखलं," ते म्हणाले, आणि सांडलेलं पाणी भरायला निघून गेले.

ते तिथे मोतद्दार होते. घोड्यांचं खरारा-पाणी, खुरांची निगा, तबेला झाडणं. पुढच्या शनिवारांमध्ये, इराचा धडा चालू असताना, त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्याने कळत गेली. गाव आंबेगाव तालुक्यात. घरची शेती, बटाटा आणि ज्वारी, आणि आजोबांपासून शर्यतीच्या बैलांचा नाद. त्यांच्याकडच्या बैलगाडा शर्यतीत चार बैलांच्या पुढे एक घोडी पळते. तिच्यावर एक जण बसलेला असतो, आणि मागून गाडा त्याच्या अंगावर आल्यासारखा येतो. दहा-बारा सेकंदांचा खेळ. त्या चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात, एकेका धावेला बारी. वयाच्या सोळाव्या वर्षापासून नामदेवदादा घोडीवर बसत. "भ्या वाटत नव्हतं?" असं मी एकदा त्यांच्याच भाषेत विचारायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत. "वाटायचं की. भ्या वाटतं म्हनून तर मानूस गप बसून ऱ्हातो घोडीवर. ज्याला वाटत न्हाई, तो पडतो." आणि मग एका यात्रेत तेही पडले. घोडीचा पाय घसरला. बैल अंगावरून गेले, त्यांनी खुरही लावला नाही, पण गाड्याचं चाक डाव्या कोपरावरून गेलं. हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. लगाम धरता येईना, तेव्हा गावाने त्यांना पुकारा करायला कर्ण्याच्या माइकसमोर बसवलं. दोन बाऱ्यांच्या मधल्या वेळात लोक उठून जाऊ नयेत म्हणून ते गायला लागले. आधी गवळणी, मग स्वतः रचलेली गाणी. कुठल्या बैलाला कसा राग येतो, कुठली घोडी शेवटच्या बारीत रडली… ढोलकी वाजवणं त्या हाताला जमत नव्हतं, पण वाकलेल्या कोपरात दिमडी अशी चपखल बसली की जणू तिच्यासाठीच तो हात वाकला होता.

मी पेटी वाजवते. बँकेत जोखमीचा हिशेब मांडायचा आणि रविवारी पेटी, असं माझं आयुष्य. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी गावं, हा हट्ट माझा होता. आमच्या गोतावळ्यातल्या काहींना ते आवडलं नाही. बहुतेक जण पुण्या-मुंबईचे इंजिनियर, बँकवाले. तालमीला नामदेवदादा तबेल्यातून थेट आले, पँटच्या कडेला गवत चिकटलेलं. कार्यक्रम बसवणारे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "भावगीत वगैरे काही येत नाही का हो त्यांना? मुलांना हे गोठ्याचं काय कळणार?" मी म्हटलं, मुलांना विचारू. पण दादांनी निघताना मला जे विचारलं होतं ते महत्त्वाचं होतं. "ताई, माझ्या पासवर गायला चालतं ना?" पास म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, ठरलेल्या एकाच कामापुरता. मी म्हणाले, "मी बघते." आणि मी बघितलं नाही. मोबदला नाही, मंडळाचा घरचा कार्यक्रम, कोण विचारतंय… असं मी स्वतःशीच ठरवून टाकलं. ऑफिसात दुसऱ्यांच्या अशाच गृहीतकांवर मी लाल रेघा मारते.

कार्यक्रम असा झाला की मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. कुणीतरी चित्रफीत फेसबुकवर टाकली. आणि दहाव्या दिवशी, भर कामाच्या वेळेत, दादांचा फोन आला. आवाज अगदी खाली. "ताई, कुनीतरी तक्रार केलीया. ह्या पासवर बाहेर गायची कामं करतो म्हनून. मॅनेजरांनी बोलावलंय." पास गेला तर नोकरी तर जाणारच, शिवाय पुन्हा या देशात पाऊल ठेवता येईल की नाही याचीही खात्री नव्हती. गावी वहिनी, दोन मुली, म्हातारे वडील. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून क्रांजीला गेले. मॅनेजर मिस्टर टॅन सत्तरीकडे झुकलेले, कमी बोलणारे. मी सगळं सांगितलं. विचारण्याची जबाबदारी माझी होती, मी ती पार पाडली नाही, दादांनी एक छदामही घेतलेला नाही. दादा दाराशी उभे होते, टोपी हातात, घोडीवर बसत असतील तसेच स्तब्ध. "रोज सकाळी माझ्या घोड्यांना गाणी म्हणतो हा," टॅन म्हणाले, आणि पुढच्या वाक्याला इथल्या सवयीचं 'लाह' जोडलं. "मी पण कधी पैसे दिले नाहीत लाह." त्यांनी तसं पत्र लिहून दिलं. पण सरकारी खात्याचं उत्तर यायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत दादांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, हेच मला सोसवत नव्हतं. प्रकरण मिटलं. टॅन मला फक्त एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी विचारा."

पुढची वेळ आली ती वेगळीच. मधल्या काळात गावाकडे शर्यतींवर बंदी आली, घाट ओस पडले. त्याच सुमारास क्वालालंपूरच्या एका आयोजकाने त्यांना दौऱ्यासाठी विचारलं. म्हणजे नोकरी सोडायची, पास परत करायचा, गावी जायचं आणि तिथून देशोदेशी फिरायचं. वय त्रेचाळीस. मला हे शुद्ध वेडेपण वाटलं आणि मी ते बोलले. आमच्या स्वयंपाकघरात, चहा गार होत असताना, मी त्यांना धोक्यांची यादीच ऐकवली. घसा बसला तर? आयोजक फिरला तर? एका मोसमानंतर कुणी बोलावलंच नाही तर? ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "घाट बंद झालं, ताई. बैल इकली लोकांनी. आता ती बारी फकस्त माझ्या गान्यात पळतीया. म्या हितं शेन काढत बसलो तर तीबी थांबंल." मी म्हटलं, "आणि मुलींचं काय?" हा प्रश्न विचारायला नको होता. ते उठले, कप विसळून ठेवला आणि गेले. विमानतळावर मी गेले नाही. इरा गेली, तिच्या बाबांबरोबर. परत येऊन म्हणाली, "मम्मा, ही वॉज लुकिंग फॉर यू, लाह."

माझी एकही भीती खरी ठरली नाही. दोन साथीदार घेऊन ते फिरले. जिथे जिथे मराठी माणसं घर करून राहिली आहेत तिथे त्यांना पुन्हा पुन्हा बोलावणं आलं. २०१७ मध्ये ते सिंगापूरला आले, या वेळी आयोजकांनी रीतसर काढलेल्या परवानगीवर. पेटीवर ताईच पाहिजेत, असा निरोप त्यांनी धाडला. दुपारचा कार्यक्रम, भरलेलं सभागृह. पहिला भाग रंगला, पण पेटीवरून मला ऐकू येत होतं की दोन ओळींमध्ये ते श्वास चोरतायत. मध्यंतरात आत गेले तर थंडगार खोलीत ते घामाने भिजून बसले होते, तळवा जबड्यावर दाबून. "पित्त झालंय," म्हणाले. ओठांचा रंग गेला होता. "दादा, हात दुखतोय का?" "त्यो तर कायमच दुखतो." "आज वेगळा दुखतोय का?" बाहेर दुसरी घंटा झाली. त्यांनी दिमडी उचलली आणि माझा हात घट्ट धरला. "घाटात गाडा सुटला की कुनी आडवा जात नसतं, ताई. एवढी बारी हू द्या. मग तुमी म्हनाल तसं."

मी हात सोडवला, पडदा बाजूला करून एकटीच रंगमंचावर गेले आणि माइकवर सांगितलं की कार्यक्रम इथेच थांबतो आहे, सभागृहात कुणी डॉक्टर असतील तर कृपया आत यावं. लोकांची कुजबुज, मागून कुणाचा तरी चिडका आवाज… आणि मग दोन माणसं खुर्च्यांमधून धावत आली. रुग्णवाहिकेत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हृदयाच्या दोन नळ्या बंद होत्या, तिसरी निम्मी. स्टेंट घालून झाल्यावर मी खाटेजवळ गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "भरल्या घाटात माझा गाडा आडवला तुमी." पुढचे चार दिवस त्यांनी माझ्याशी एक अक्षर काढलं नाही. गावी परतल्यावरही नाही. पाच महिने गेले. मी स्वतःला सांगत राहिले की बरोबर केलं, आणि तरीही रविवारी पेटी उघडली की ते रिकामं राहिलेलं दुसरं सत्र माझ्यापुढे येऊन बसायचं.

सहाव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा ध्वनिसंदेश आला. राम राम नाही, कशा आहात नाही. नुसता एक सूर, आकारातला, दहा-बारा सेकंद. शेवटी प्रश्न. "ताई, ही कुठली पट्टी?"

त्यांना सुरांची नावं कधीच कळली नाहीत. वाटेल तिथून सुरू करायचे आणि साथीदारांनी धावत गाठायचं. आजारपणानंतर आवाज खाली आला होता, रोज वेगळीकडे जायचा, आणि कार्यक्रमाआधी पट्टी ठरवून घ्यावी असं त्यांना पहिल्यांदाच वाटू लागलं होतं. मी पेटी काढली, सूर शोधला, लिहून पाठवलं. पूर्वी ते बहुतेकदा काळी चारमध्ये गायचे. आता तिच्याहून खालची पांढरी चार. पुढच्या रविवारी पुन्हा सूर आला, त्याच्या पुढच्याही. त्यांचं माफ करणं ते एवढंच, आणि मला पुरेसं होतं. दोन वर्षं हा शिरस्ता चालला. कधी मागे कोंबडा आरवायचा, कधी दुबईच्या हॉटेलातल्या भांड्यांचा आवाज यायचा. पट्टी मात्र उतरत गेली. पांढरी चारची पांढरी तीन, मग काळी दोन. मी उत्तर लिहायचे आणि काळजी वाटते असं कधी लिहायचे नाही. पट्टी उतरतेय हे त्यांनाही ऐकू येत असणारच.

शेवटचा सूर त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी आला. आम्ही सगळे सायकली चालवायला पुलाउ उबीनला गेलो होतो. बोटीत, इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू येईना. घरी जाऊन उत्तर देऊ म्हटलं. घरी आल्यावर दमून झोपले. सोमवारी ऑफिस होतं. मंगळवारी वहिनींचा फोन आला.

सहा आठवडे मी तो संदेश उघडला नाही. गेल्या रविवारी सकाळी पेटी घेऊन बसले आणि उघडला. काळी दोन दाबली, तर जुळेना. खालच्या पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या, कुठेच जुळेना. मग वर गेले. पांढरी तीन नाही, पांढरी चार नाही… काळी तीन. पुन्हा लावला, पुन्हा दाबली. काळी तीनच होती. आजारपणानंतर पहिल्यांदाच आवाज वर चढला होता, न थरथरता, पूर्ण दमाचा.

मी त्यांच्या नंबरवर लिहिलं, "काळी तीन." थोड्या वेळाने उत्तर आलं. वहिनींचा आवाज होता. "ताई, ह्यांचा फोन माझ्याकडंच असतो आता. काळी तीन म्हणजे चांगलं असतं का हो?"

मी लिहिलं, "हो वहिनी. फार चांगलं."