सासूबाईंच्या नजरेतून सुटलेलं गवत

आमच्या सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. मी कपाटामागे लपवलेला फुटका कप तर नाहीच नाही. बियाण्याच्या भातशेतीवर त्यांनी जन्मभर निंदणी केली. लाल देठाचं तण दिसलं की खुरपं पडलंच म्हणून समजा. त्यांनी नजर फिरवल्याशिवाय मालक वाफ्यातलं बी विकत नसत.

तण अधूनमधून तुरळक दिसायचं, पण यंदा भात निसवला आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लोंब्यांमधून जागोजागी तणाची कणसं डोकावत होती. असं बी विकायचं कुणाला? मालकांनी सासूबाईंच्या हातातलं खुरपं हळूच काढून खुंटीला अडकवलं. "मावशी, डोळे थकले तुमचे. उद्यापासून आराम करा."

या बाई आणि आराम? सकाळीच मला ओढत वाफ्यावर घेऊन गेल्या. त्यांनी एक तण उपटलं. देठ हिरवा, पातं ताठ. कणीस नसतं तर मी भातच म्हटलं असतं. शेजारच्या पडीक रानात तेच गवत होतं, पण लाल देठाचं, ऐसपैस पसरलेलं. गुरांच्या वाटेवरही तेच, पण जमिनीला चिकटलेलं.

"अगं, एकाच आजीची नातवंडं ही." सासूबाईंना धाप लागली होती, पण थांबतील तर शपथ. "वाटेवरचं उंच गुरांनी खाल्लं, बुटक्याचं बी पडलं. वाफ्यातलं लाल मी उपटलं. जे जरा भातासारखं होतं ते हातून सुटलं, त्याचं बी पडलं. आईचा गुण लेकीत उतरतोच. दरवर्षी थोडं थोडं करत हे असं झालं बघ."

मी पडीक रानातलं आणि वाटेवरचं एकेक रोप उपटून त्या तणाशेजारी धरलं. एका खुरप्यानं एवढं केलं. मग जगभर थंडी, दुष्काळ, दात, चोची अशी किती खुरपी चालत आली असतील, तीही कुणी हातात न धरता. इतक्या तऱ्हांची झाडं-पाखरं उगीच नाही झाली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

सासूबाई तडक मालकांसमोर उभ्या राहिल्या. तिन्ही रोपं दाखवून सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "डोळे अधू असते, तर लाल देठाचंही राहिलं असतं वाफ्यात. एक तरी शोधून दाखवा."

मालक वाफ्यात उतरले. या बांधापासून त्या बांधापर्यंत वाकून वाकून पाहिलं. परत आले ते खुंटीवरचं खुरपं घेऊनच.