पाच किलोंच्या आतली गाणी

डॉक्टरांनी माझ्या कमरेचा एक्स-रे जनेलाच्या उजेडात धरला, मणक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यापुढे पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही."

"दोघांनी मिळून उचललं तर?" मी विचारलं.

"तुमच्या वाट्याला पाच किलो," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मी डिचोलीजवळच्या एका खाणीत वजनकाट्यावर कारकून होतो. भरलेला ट्रक काट्यावर यायचा, त्याचं वजन लिहायचं, त्यातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा करायचं, पुढचा ट्रक. आठवड्याचे सहा दिवस हेच. घर कोरगावला, त्यामुळे जाण्यायेण्यातच अंगातला दम संपायचा. शनिवारी मात्र काम लवकर सुटायचं आणि मी मांद्र्याच्या किनाऱ्यावर एका शॅकमध्ये, झावळ्यांच्या हंगामी खानावळीत, रेकॉर्ड वाजवायला जायचो. शॅकवाला माझ्या शाळेतला. सूर्य कलायच्या आधी सुरू करायचं, जेवणाच्या वेळेला बंद. ऐकणारे बहुतेक दरवर्षी येणारे, वयाने पोक्त परदेशी पर्यटक. त्यांच्या तरुणपणातली गाणी मी लावायचो आणि ते वाळूवर चपला काढून नाचायचे.

रेकॉर्ड त्यांच्याकडूनच आलेल्या. आमचं वेगळं राज्य झालं त्या सुमारास मी कॉलेजात होतो आणि मांद्र्याला मामाच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या असत. महिनोन् महिने राहून परत निघालेले लोक विमानात वजन जास्त होतं म्हणून रेकॉर्ड मागे ठेवून जायचे. पहिल्या काही मामाने मला दिल्या, पुढच्या मी मागून घेऊ लागलो. तेव्हा आमच्याकडे भाषेवरून एवढं वातावरण तापलेलं होतं की चहाच्या दुकानात कोणत्या भाषेत चहा मागतो, ह्याच्यावरही लोक कान ठेवून असत. घरात मराठी पेपर, बाजारात कोंकणी, आणि माझ्या खोलीत ही तिसरीच गाणी. वडील म्हणायचे, ह्याच्यावरून तरी भांडण नाही.

रेकॉर्ड वाढत गेल्या तसे गावच्या सुताराकडून खोके करून घेतले. त्याच्याकडे फणसाचं लाकूड होतं, त्याचे केले. प्रत्येक खोक्याला दोन बाजूंना दोरीच्या मुठी. एक मूठ मी धरायची, दुसरी बायकोने. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून हे असंच चाललं होतं. ती सावंतवाडीकडची. माहेरी शेतात भाताचे भारे उचललेली, त्यामुळे तिला खोक्याचं विशेष काही वाटलं नाही. घरातून व्हॅनमध्ये सहा खोके, व्हॅनमधून वाळूवरून शॅकमध्ये सहा खोके, आणि परत. मधल्या वेळात ती मागच्या बाकावर पाय वर घेऊन बसायची, समुद्राकडे बघत शेंगदाणे खायची. तिला ती गाणी आवडायची की नाही हे मला नीटसं माहीत नाही. आठवड्यातून तेवढाच वेळ ती चुलीपासून, गोठ्यापासून आणि माझ्या आईच्या औषधांपासून सुटी असायची, आणि मीही ट्रकांपासून सुटा.

एकदा खोके भरलेली व्हॅन मी सरळ वजनकाट्यावर नेली होती. भरलेली वजा रिकामी, दीडशे किलो. घरी येऊन तिला आकडा सांगितला.

"वजन तुमी मोजतास," ती म्हणाली, "पण अर्धा उचलतंय मी. ता पण लिवा खंय तरी."

आता त्या दीडशे किलोंपुढे डॉक्टरांचे पाच किलो आले. माणूस लावून खोके उचलून घ्यावेत असं शॅकवाल्याने सुचवलं. दोनदा करूनही बघितलं. एका माणसाने खोका वाळूत आदळला, दुसरा आलाच नाही. शनिवार सोडून द्यायचा, नाहीतर रेकॉर्ड सोडून द्यायच्या, असं सरळ गणित झालं. शनिवार सोडून द्यायला मी तयार नव्हतो. त्या दिवसावर मी बाकीचे सहा ढकलत होतो.

पावसाळ्यात शॅक मोडून ठेवलेले असतात, तेव्हा विचार करायला वेळ मिळाला. म्हापशाच्या दुकानात सीडीवर वाजवायची यंत्रं पाहिली. हलकी होती, पण किनाऱ्यावरची खारी हवा सीडी वाचणाऱ्या भिंगाला फार काळ टिकू देत नाही, हे शॅकवाल्याच्या स्वतःच्या सीडी प्लेयरवरून मला ठाऊक होतं. दुसरी एक फळी होती, तिच्यावर बशीएवढ्या दोन प्लॅस्टिकच्या चकत्या. त्या फिरवल्या की लॅपटॉपमधलं गाणं पुढेमागे होतं. चकतीला हात लावून बघितला. रिकाम्या डब्याचं झाकण फिरवल्यासारखं वाटलं. शेवटी तिसरा मार्ग घेतला. त्यात रेकॉर्ड फिरवायची जुनी टर्नटेबलं तशीच राहतात, सुई तशीच, हातही तोच. फक्त रेकॉर्ड दोनच, आणि त्यांच्यावर गाणं नसतं, एक खुणेचा आवाज असतो. सुई कुठे आहे, तबकडी किती वेगाने फिरते हे त्या आवाजावरून कॉम्प्युटरला कळतं आणि त्याप्रमाणे तो त्याच्या पोटातलं गाणं वाजवतो. टर्नटेबलं शॅकमध्येच कुलपात ठेवायला शॅकवाला तयार झाला. म्हणजे न्यायचा फक्त लॅपटॉप, तो टर्नटेबलांना जोडणारी एक छोटी पेटी आणि दोन रेकॉर्ड. मी घरच्या तराजूवर घातलं. पाच किलोंच्या आत.

मग सगळी गाणी लॅपटॉपमध्ये उतरवायची होती. ह्या कामात घाई नावाची गोष्ट नसते. जेवढं लांब गाणं तेवढा वेळ ते पूर्ण वाजू द्यावं लागतं. कामावरून आलो की एकेक रेकॉर्ड पुसायची, लावायची, बसायचं. कोरगावात पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. गाणं संपत आलं की हमखास जायची, आणि ते पुन्हा पहिल्यापासून. जी गाणी मला वर्षानुवर्षं आवडत होती त्यांचा त्या तीन महिन्यांत कंटाळा आला. प्रत्येक गाण्याचे मिनिटाला ठोके किती ते मी घड्याळ लावून मोजून वेष्टनावर लिहिलेलं होतं. कॉम्प्युटर ते स्वतःच मोजून दाखवायचा. माझा आकडा एकशे अठरा, त्याचा एकशे सतरा पूर्णांक नऊ. मी पुन्हा मोजायचो. बरोबर त्याचंच असायचं.

नव्या रेकॉर्डांपैकी एक बायकोने हातात घेतली, जनेलाशी नेऊन तिरकी धरली. साध्या रेकॉर्डवर जिथे वाद्यं थांबतात तिथे काळपट पट्टा दिसतो, जिथे गजर असतो तिथे खरखरीत चमक. रेकॉर्ड पुसून पुसून तिला ते वाचता यायला लागलं होतं.

"ह्येच्यात एक पण गाणा दिसना नाय," ती म्हणाली.

"नाहीच आहे त्यात."

"मगे आणलात कित्याक?"

मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, रेकॉर्ड पाकिटात घातली आणि विचारलं, "म्हणजे आता माझा काय काम थंय?"

"काम कशाला पाहिजे? नुसती ये."

"नुसती?" ती म्हणाली. "सासूक काय सांगू? शेंगदाणे खावक जातंय म्हणान?" आणि गोठ्याकडे गेली.

मोसमाचा पहिला शनिवार त्या वर्षी दसऱ्यालाच आला. आमच्या घरी खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, घरचा तराजू, आईची कात्री आणि मोसमाच्या पहिल्या दोन रेकॉर्ड देवासमोर मांडतात. गंध, फूल, अक्षता, वर हळद घातलेलं तीर्थ शिंपडायचं. दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, पुसायचं तर नाहीच. दरवर्षीप्रमाणे तिने पूजा केली, ह्या वेळी त्या नव्या दोन रेकॉर्डांची. लॅपटॉपला लांबूनच हळद लावली. तेवढी खबरदारी तिने घेतली, आणि मलाही तेवढीच पुरेशी वाटली. दुसऱ्या दिवशी मी तांदळाचे दाणे फुंकून उडवले, पाकिटं भरली आणि संध्याकाळी निघालो. ती आली नाही. दसऱ्याला घरी येणारे-जाणारे असतात, म्हणाली. ते खरंच होतं.

शॅकवाला दारातच आपट्याची पानं घेऊन उभा.

"सोनं घे रे काटेवाल्या! आज खोक्यांचो खटारो खंय? आणि वहिनी खंय?"

"खटाराच नाही, मग वहिनी कशाला येईल?"

"अरे, म्हणजे खटारो ओढपाक बायल केल्ली तुवें?" मी खोके ओढायलाच बायको केली होती म्हणून तो हसला आणि आपट्याची पानं लॅपटॉपवर ठेवून गेला.

चौथ्या-पाचव्या गाण्याला डावीकडच्या टर्नटेबलावरचं गाणं उडी मारून मागे गेलं. मग पुढे. मग थांबलंच. सुई उचलून पाहिली तर टोकाला पिवळट चिखलासारखं काही. तीर्थातली हळद रेघांमध्ये वाळून बसली होती. वर्षानुवर्षं हेच तीर्थ जुन्या रेकॉर्डांवर पडत आलं होतं. त्यांच्यावर पडलं की थोडं खरखरायचं, एखादं गाणं बिघडायचं, बाकीची साडेचारशेच्या वर खोक्यात धड असायची. ह्या दोन रेकॉर्डांच्या रेघेवर मात्र सगळीच गाणी चालत होती. नाचणारे थांबून माझ्याकडे बघायला लागले. पुसायला गेलो तर चिखल आणखी पसरला.

लॅपटॉपमध्ये एक बटण होतं. ते दाबलं की कॉम्प्युटर रेकॉर्डकडे बघत नाही, गाणं स्वतःच चालवतो. मी ते दाबलं. गाणं सुरळीत सुरू झालं, लोक पुन्हा नाचायला लागले. पुढचं गाणं मी दोन कळांनी जोडलं. ठोक्याला ठोका अचूक बसला, मी आयुष्यात कधी बसवला नसेल इतका. टर्नटेबलं उगाच फिरत होती. थोड्या वेळाने मी ती बंद केली आणि खुर्चीवर बसलो. कुणाच्याही लक्षात आलं नाही. शॅकवाला मध्ये येऊन म्हणाला, "आज बरो वाजयता रे, विश्रांती मेळ्ळी म्हणून काय?"

मागचं बाक रिकामं होतं. कंबर दुखत नव्हती. ट्रक जावेत तशी गाणी एकामागून एक जात राहिली आणि मी आकडे बघत बसलो.

घरी आल्यावर तिने विचारलं, "झाला बरां?"

"झालं. रेकॉर्डचीही गरज नाही असं कळलं."

"माझ्या तीर्थान काय बिघाडला नाय मां?"

"नाही," मी म्हटलं. "काही अडलं नाही." अडलं नाही, हे तरी खरं होतं. साफ करायला काढून घरी आणलेली पिवळी सुई तिने आधीच बघितली होती.

पुढचे दोन शनिवार मी एकटाच गेलो. पिशवी खांद्याला, व्हॅनची मागची बाजू रिकामी. परत येताना कामावरून आल्यासारखाच थकलेला असायचो, आणि ते मी उचललेल्या वजनामुळे नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मी एक खोका खाली काढला. रिकामा तराजूवर घातला, तर फणसाच्या लाकडाचेच पाच किलो भरले. मग त्यात एकेक रेकॉर्ड घालत गेलो आणि काटा दहावर आला तेव्हा थांबलो. वीस रेकॉर्ड झाल्या होत्या. दहाचे निम्मे पाच.

"जरा मूठ धर," मी हाक मारली.

ती हात पुसत बाहेर आली. खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ह्यां कित्याक? सगळी गाणी त्या डब्यात आसत मां?"

"बरोबर असलेलं बरं. लाइट गेली तर?"

"लाइट गेली तर ह्यां तरी खंय वाजतला?"

ती आत गेली. मी खोक्याशेजारी तसाच उभा राहिलो. आत तिने आईला काहीतरी सांगितलं, डबा उघडल्याचा आवाज आला आणि ती शेंगदाण्यांची पुडी कमरेला खोचत बाहेर आली. वाकून तिने दोरीची मूठ धरली.

"हळू उचला," ती म्हणाली. "माझी बाजू मी बघतंय."