निर्मलाताईंबद्दल माझी एक तक्रार

गुलमंडीत आमचं कापडाचं दुकान आहे. निर्मलाताई तिथं पहिल्यांदा आल्या त्या पडद्यासाठी. "आवाज अडवील असं जाड कापड दाखवा," म्हणाल्या. मी विचारलं, "गल्लीत पोरं लई दंगा करतात का बाई?"

"पोरांचं काही नाही हो. हर्सूलला आमच्या शेजारी इमारत उठतेय. त्या खडखडाटात मला बास ऐकू येईना."

बास हे वाद्य असतं, हेही मला ठाऊक नव्हतं. पडदे लावून द्यायला गेलो आणि ऐकत बसलो, तो अजून उठलेलो नाही.

गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर ताईंनी दर रविवारी सकाळी दहाला घरी जॅझ ऐकवायला सुरुवात केली. तेही फक्त आज वाजवणाऱ्या कलावंतांचं. "गेलेल्यांना हार घालायला जग आहे. जे आत्ता वाजवतायत त्यांना कोण ऐकणार?" हा त्यांचा सवाल. एका तरुण पियानोवादिकेची संथ रेकॉर्ड त्यांची विशेष लाडकी. तिच्यात ड्रमवाला काठ्यांऐवजी ब्रश फिरवतो, सुपात गहू पाखडावेत तसा. मी भजनातला माणूस. मांडीवर हात मारत सम शोधायचो. ताई म्हणायच्या, "शेटजी, हात मोकळा सोडा."

ऐकून झालं की सगळ्यांनी मिळून त्या कलावंताला पत्र लिहायचं, हा शिरस्ता. पत्रात एक दाद आणि एक तक्रार हवीच. "सातव्या मिनिटाला आपण थांबलात तेव्हा आम्ही श्वास धरला होता. शेवट मात्र उगाच लांबवलात." नुसतं कौतुक लिहिलं तर ताई कागद परत करत. "म्हणजे नीट ऐकलं नाही तुम्ही!" उत्तरं क्वचितच आली. पत्रं थांबली नाहीत.

मग दुष्काळाची वर्षं आली. टँकर नेमका रविवारी सकाळी यायचा, माणसं येईनाशी झाली. एका उन्हाळ्यात तर आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "ताई, पाऊस पडेस्तोवर बंद ठेवू."

"बंद ठेवलेलं पुन्हा सुरू होत नाही," त्या ठामपणे म्हणाल्या. "माझ्या बोअरला पाणी आहे. सगळ्यांना सांगा, डबे घेऊन या. भरेपर्यंत ऐका."

मंडळी आली. गल्लीतल्या बायाही आल्या. खुलताबादकडच्या एक म्हाताऱ्या आजी सॅक्सोफोन ऐकून म्हणाल्या, "लई पळतंय बया हे, दमत नाय का?" ताईंनी ती तक्रार जशीच्या तशी पत्रात घातली. त्या उन्हाळ्यात एकही रविवार चुकला नाही.

आता ताईंच्याच नियमानं माझी तक्रार. आमचे डबे भरून झाले की मोटर नुसती हवा ओढायची आणि ताईंच्या घरी अंघोळीपुरतंही पाणी उरायचं नाही. हे आम्हाला फार उशिरा, शेजारणीकडून कळलं. ताई, आम्ही बासचा बारीकसा सूर ऐकायला शिकलो आणि तुमची रिकामी बादली आम्हाला ऐकू आली नाही. तुम्ही सांगायला हवं होतं. मला याचा अजून राग येतो, आणि डोळेही भरून येतात.

पंचाहत्तरीनिमित्त ताईंना भरपूर आयुष्य आणि तल्लख कान लाभोत. आम्ही रविवारच्या ऐकणाऱ्यांनी ठरवलंय: यापुढं टंचाईत रविवारी आधी ताईंचं पिंप भरायचं, मगच रेकॉर्ड लागेल. ताई नको म्हणतील. त्यांनी म्हणावं; त्या एका बाबतीत आम्ही त्यांचं ऐकणार नाही.