झुनिल्दा लाइट येऊ देत नाही

झुनिल्दा मार्तेने आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही, असं तिचा नवरा फाबियो सांगत फिरतो. यात तथ्य नाही. बावीस वर्षं तिने पँट शिवायच्या कारखान्यात सुपरवायझरचं ऐकून घेतलं, तितकीच वर्षं नणंदेचं ऐकून घेतलं. साठी ओलांडल्यावर तिने ठरवलं, पुरे. तेव्हापासून फाबियो तसं सांगतो.

मी समोरच राहते. तिच्या मुलीच्या, यानेल्बाच्या, बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मी उभी होते, म्हणून झुनिल्दा मला कोमाद्रे म्हणते आणि तिच्या घरात मला दार वाजवावं लागत नाही.

यानेल्बा चोवीस वर्षांची आहे, सहा फूट एक इंच, आणि पोलंडमधल्या एका क्लबकडून व्हॉलीबॉल खेळते. नेटपाशी उभं राहून समोरचीचा फटका अडवायचा, हे तिचं काम. क्लब आपले सामने इंटरनेटवर थेट दाखवतो. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा आमच्या बोनाओ गावात सकाळचे अकरा वाजलेले असतात.

मुलगी शाळेत, गावात, राजधानीत खेळत होती तेव्हा शनिवार-रविवारी झुनिल्दाला जादा पाळी असायची. आता पाळी नव्हती, टीव्ही होता, राउटर होता, पण सामना काही पुरा दिसत नव्हता. पहिले दोन सेट स्वच्छ. तिसऱ्यात कधीतरी चित्र थांबायचं, मध्यभागी ते गोल चक्र फिरायला लागायचं, चित्र परत यायचं आणि पुन्हा जायचं. सगळं सुरळीत होईपर्यंत दोन्ही संघ नेटखालून हात मिळवत असायचे. स्वतःच्या मुलीचा एकही सामना तिने शेवटच्या गुणापर्यंत पाहिलेला नव्हता.

एप्रिलमध्ये क्लब उपांत्य फेरीत पोचला. लगेच कोपऱ्यावरून, फाबियोची थोरली बहीण एर्सिलिया हिच्याकडून, निरोप आला. तिच्याकडे भिंतभर टीव्ही आहे आणि इंटरनेटचं सगळ्यात मोठं पॅकेज. संघ अंतिम सामन्यात गेला तर सगळ्या गल्लीने माझ्याकडे यायचं, पोरीच्या आईलाही घेऊन या, असा तो निरोप.

आईला घेऊन या म्हणे. यानेल्बा तेरा वर्षांची असताना याच एर्सिलियाने भर जेवणात म्हटलं होतं की त्या आखूड चड्डीत उड्या मारणारी पोर गळ्यात पदक पडायच्या आधी पोट वाढवून घरी येईल. झुनिल्दाने ताट तसंच ठेवलं आणि उठली. त्याला अकरा वर्षं झाली. ती त्या घराचा उंबरा पुन्हा चढली नाही.

"त्या घरात बसून मी माझ्या मुलीला टाळ्या वाजवणार नाही," ती मला म्हणाली. "पाहीन तर माझ्या खुर्चीत. नाही दिसलं तर नाही दिसलं."

पण नाही दिसलं तर चालेल, असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

आधी तिने कंपनीला फोन लावला. फोनवरच्या मुलीचा आवाज साखरेत घोळलेला. माझ्या राणी, राउटर बंद करा, तीस आकडे मोजा, चालू करा. झुनिल्दाने मोजले. मग ती मुलगी म्हणाली, घराच्या भिंती जाड असतील. मग म्हणाली, टीव्ही जुना असेल. शेवटी म्हणाली, तुमचं पॅकेजच लहान आहे, मोठं घ्या. झुनिल्दाने शांतपणे विचारलं की पॅकेज लहान असेल तर पहिले दोन सेट कसे नीट दिसतात, ते दुपारी आटतं का? त्या मुलीने थोडा वेळ थांबायला सांगून गाणं लावून दिलं. झुनिल्दाने ते गाणं वीस मिनिटं ऐकलं आणि फोन ठेवला.

"ही पण तेच करते बघ, कोमाद्रे," ती म्हणाली. "शिवण वाकडी आली की शेवटच्या मशिनवालीला धरायचं."

हे तिचं कारखान्यातलं दुखणं. बावीस मशिनांची रांग, कुणी खिसा लावणार, कुणी चेन, कुणी पट्टा, आणि शेवटी झुनिल्दा, तपासनीस. पँट खराब निघाली की सुपरवायझर तिच्या आधीच्या बाईवर ओरडायचा. झुनिल्दा मात्र खराब पँट हातात घेऊन रांगेत उलटी चालत जायची, एकेका मशिनपाशी थांबून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुढची पँट येईपर्यंत गप्प बसायचं, हा तिचा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष जातो, पण कुठे होता ते कधीच कळत नाही, आणि जो दोष सापडला नाही तो परत येतो.

उपांत्य फेरीआधी क्लबचे साखळीतले तीन सामने अजून उरले होते. तिने वही काढली.

पहिल्या सामन्याआधी पासवर्ड बदलला. तिचं वाय-फाय अर्धी गल्ली वापरायची. आमच्या घरी तो पासवर्ड कॅलेंडरवरच लिहिलेला होता, लपवायचं कशाला. सकाळी सगळ्यांचे फोन मुके झाले आणि बोलणी सुरू झाली. पोर पोलंडला गेली आणि आईच युरोपियन झाली, असं पलीकडची शिंपीण तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. झुनिल्दाने व्हरांड्यात कपडे वाळत घालता घालता उत्तर दिलं की युरोपियन झाले असते तर बिल पाठवलं असतं. चित्र तरीही तिसऱ्या सेटमध्ये थांबलं. तिने वहीत वेळ लिहिली, बारा वाजून सात मिनिटं, आणि पासवर्ड पुन्हा जुना केला.

दुसऱ्या सामन्याला राउटर झोपायच्या खोलीतून काढून टीव्हीशेजारी आणला. मध्ये भिंत नाही, दार नाही. बारा वाजून चार मिनिटांनी चित्र थांबलं.

तिसऱ्याला वाय-फाय बाजूला ठेवून राउटरपासून टीव्हीपर्यंत तारच जोडली. बारा वाजून नऊ. मोबाइलच्या डेटावर बघ, असं फाबियो म्हणाला, पण आमच्या गल्लीत तेवढ्यावर फोटोसुद्धा उघडत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

बुधवारी उपांत्य सामना. मी खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले. झुनिल्दा माझ्याकडे तोंड करून, टीव्हीकडे पाठ करून बसली. मला वाटलं रागावली.

"चित्र तू बघ," ती म्हणाली. "मी डब्यावर लक्ष ठेवते."

तासभर तिने राउटरच्या चार हिरव्या दिव्यांवरून नजर काढली नाही. मागे तिची मुलगी खेळत होती. यानेल्बाने अडवलं, असं मी सांगायचे, ती मान हलवायची. एकदा मी नुसतीच किंचाळले, तेव्हा तिची मान थोडीशी वळली, पण तिने ती परत सरळ केली.

इथे लाइट सकाळी आठला जाते आणि बाराच्या सुमाराला येते. तोवर ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे तो बॅटऱ्यांवर घर चालवतो, ज्याच्याकडे नाही तो व्हरांड्यात वारा शोधतो. बारा वाजून पाच मिनिटांनी गल्लीत नेहमीचा गलका झाला, आली, आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघरातल्या इन्व्हर्टरने टक केलं आणि घर बॅटरीवरून रस्त्याच्या लाइनवर सोपवलं. मग सगळ्यांनी जे नेहमी करतात तेच केलं. नळाला पाणी एकपर्यंतच असतं, म्हणून लाइट आल्याबरोबर गच्चीवरच्या टाक्या भरायला घरोघरचे पंप लागले. शिंपिणीचा लागला, माझ्याकडचा लागला, आणि लाइनचा दाब पडला. झुनिल्दाच्या डोक्यावरचा बल्ब पिवळा पडला. राउटरचे चारही दिवे विझले.

मग एकेक करून लागले. तिने घड्याळात पाहिलं, तीन मिनिटं. टीव्हीवर चित्र आलं. तेवढ्यात कोपऱ्यावर एर्सिलियाचा पंप लागला, तो सगळ्यांत मोठा आहे, आणि दिवे पुन्हा विझले.

"नेट आटत नाही," झुनिल्दा म्हणाली. "डबाच मरतो आणि पुन्हा जन्मतो. जाणाऱ्या लाइटने नाही गं, येणाऱ्या."

इतकी वर्षं आम्ही जाणाऱ्या लाइटला शिव्या घातल्या. येणाऱ्या लाइटवर संशय घ्यावा हे या देशात कुणाच्या मनात येणार?

यानेल्बाचा संघ जिंकला. रविवारी अंतिम सामना.

राउटरपुरती छोटी बॅटरी बाजारात मिळते, पण दुकानदार म्हणाला मंगळवारी येईल. झुनिल्दा सात घरी गेली आणि रविवारी पंप तासभर उशिरा लावा म्हणून सांगून पाहिलं. सगळ्यांनी कॉफी दिली, होकार कुणी दिला नाही. पाणी एकला जातं, त्यांचंही चूक नव्हतं. आठव्या, कोपऱ्यावरच्या घरी ती गेली नाही, पण बातमी गेली. एर्सिलियाने फाबियोला विचारलं, तुझ्या बायकोच्या खुर्चीसाठी गल्लीने तहानलेलं राहायचं का? माझं पॅकेज मोठं आहे, इथे काही थांबत नाही.

"तिने त्या टीव्हीवर संध्याकाळच्या मालिकांशिवाय पाहिलंय काय?" एवढंच झुनिल्दा म्हणाली.

रविवारी आठला लाइट गेली तशी तिने घरातली एकेक वस्तू बंद केली. फ्रीज, पंखे, फोनचे चार्जर. बॅटऱ्या जुन्या होत्या. फाबियोला कोमट रस प्यावा लागला आणि त्याने तो बहिणीच्या घरच्या थंड बिअरचं वर्णन करत प्यायला. तो गेला मात्र नाही. का गेला नाही हे मी विचारलं नाही.

अकराला सामना सुरू झाला. पहिला सेट आमचा, दुसरा त्यांचा. बाराला पाच कमी असताना झुनिल्दा उठली, मागच्या भिंतीपाशी गेली आणि रस्त्याच्या लाइनचा मेन स्विच खाली केला.

दोन-चार मिनिटांत गल्लीत गलका झाला, आली, आली. आमच्या इथे टक झालं नाही. पंप घुमायला लागले, बाहेर कुणाचा तरी रेडिओ सुरू झाला, आणि टीव्हीवर यानेल्बा हात वर करून उडी मारत राहिली. चित्र हललंसुद्धा नाही.

फाबियोचा शर्ट पाठीला चिकटला होता. सगळ्या गल्लीला वारा आहे, पाणी चढतंय, आणि आपण आलेली लाइट दाराबाहेर उभी केलीय, असं तो म्हणाला. टाकीत थेंब नाही, एकला नळ जाईल. तो उठून मागच्या भिंतीकडे निघाला.

झुनिल्दाने टीव्हीवरून नजर काढली नाही. "फाबियो, त्या स्विचला हात लावलास तर आजपासून आंघोळीला बहिणीकडे जायचं. जेवायलाही."

तो परत येऊन बसला.

मग कोपऱ्यावरून वीस माणसांचा एकदम सुस्कारा ऐकू आला. थोड्या वेळाने पुन्हा एक. भिंतभर टीव्हीवर ते गोल चक्र फिरत होतं. पहिली शिंपीण आली, दारातूनच विचारत की तुमच्याकडे कसं दिसतंय. झुनिल्दा म्हणाली, ये, पण पंखा मागू नकोस. मग तिचा नवरा आला, मग माझा, पंप चालू ठेवूनच. चौथा सेट संपेपर्यंत त्या खोलीत अकरा माणसं होती आणि हवा नव्हती. शेवटी दारात एर्सिलिया उभी राहिली, हातात झाकलेलं पातेलं. तुरीच्या दाण्यांचा भात आणलाय, सगळे इकडेच आले, मग एकटी काय खाऊ, असं ती पातेल्याकडे बघत म्हणाली.

"दारातून बाजूला हो, वारा अडतो," झुनिल्दा म्हणाली. एर्सिलिया आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, कारण खुर्ची उरली नव्हती आणि कुणी उठलं नाही.

पाचव्या सेटमध्ये, सात-सात असताना, इन्व्हर्टर पिंपिं करायला लागला. बॅटऱ्या संपत आल्या होत्या. सगळे फाबियोकडे आणि स्विचकडे बघायला लागले. झुनिल्दाने सरळ टीव्ही बंद केला. खोलीत आरडाओरडा झाला. तिने फोन काढला, तो सकाळपासून बंद ठेवलेला होता आणि पूर्ण भरलेला. आता घरात फक्त राउटर चालू होता. तिने सामना फोनवर लावला आणि सगळी घामेजली डोकी त्या तळहाताएवढ्या काचेवर वाकली. फोन तिने कुणाच्याही हातात दिला नाही.

तेरा-चौदा. यानेल्बा नेटपाशी. समोरून फटका आला, तिची उडी किंचित उशिरा पडली, चेंडू तिच्या बोटांना लागून बाहेर गेला. सामना संपला. संघ हरला.

मग एर्सिलिया म्हणाली, बिचारी पोर.

"बिचारी कशाला?" झुनिल्दा म्हणाली. "अंतिम सामन्याचा शेवटचा चेंडू तिच्या बोटांना लागून गेलाय. तुझ्या कुणाच्या बोटांना लागलाय?"

रुपेरी पदकं गळ्यात पडेपर्यंत तिने कुणाला मेन स्विचपाशी जाऊ दिलं नाही. तोवर नळ गेला होता. फाबियोने रिकामी बादली उचलली आणि आमच्या घरी गेला.

अर्ध्या तासाने यानेल्बाचा फोन आला. डोळे सुजलेले, केस ओले. सगळी तिला सांत्वनाचं बोलायला पुढे सरसावली. झुनिल्दाने हाताने त्यांना मागे सारलं.

"शेवटच्या चेंडूला तू उशिरा उडालीस," ती म्हणाली. "आणि चौथ्या सेटमध्येही दोनदा. त्या सोनेरी वेणीवालीच्या खांद्याकडे बघायचं सोडून तू चेंडूकडे बघत होतीस."

मग यानेल्बा रडकुंडीच्या स्वरात भांडायला लागली की त्या वेणीवालीचा खांदा फसवा आहे, इथून कळत नाही, तुला खुर्चीत बसून काय माहीत.

"मला माहीत आहे," झुनिल्दा म्हणाली. "मी पाहत होते."

आणि त्या खांद्यावरून मायलेकी पुढचा पाऊण तास भांडत राहिल्या.