पाळक, पाळकीणबाई आणि एक गुडघा

“मकासरे साहेब पाळकीणबाई कधी झाले?”

शनिवारी दुपारी हिवाळे साहेबांनी कार्ड माझ्या की-बोर्डवर ठेवलं आणि एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही. त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मी कार्ड वाचलं. तिसऱ्या ओळीत स्वच्छ छापलं होतं: ‘प्रमुख उपस्थिती: माजी पाळकीणबाई रेव्हरंड मकासरे’. हे मकासरे साहेब ऐंशीच्या पुढचे आहेत आणि त्यांना छातीपर्यंत पांढरी दाढी आहे.

मी राजवाड्याजवळच्या गल्लीत एका डीटीपीच्या दुकानात काम करते. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. डीटीपी म्हणजे कार्ड, पत्रक, पुस्तिका यांचा मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करून, नीट मांडून प्रेसला पाठवायचा. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आजोबा गिरणीत होते, बाबा बडा गणपतीजवळ एका दुकानात शटर उघडण्यापासून सगळं करतात. दुकानाचे मालक राठौर भिया (भिया म्हणजे इकडचं ‘भाऊ’) यांना मराठी वाचता येतं पण कळत नाही. म्हणून मराठीचं सगळं काम माझ्याकडे असतं. “मराठी की मॅडम तू ही है,” असं ते म्हणतात. हे ऐकून मला फार बरं वाटायचं. या प्रकरणात तेच नडलं, असं मला वाटतं.

मी ख्रिस्ती नाही. चर्चमधला एखादा शब्द इथे चुकला तर सांभाळून घ्या. तशी एक चूक मी आधीच केलेली आहे.

हिवाळे साहेब त्यांच्या मराठी चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी. ते मागच्या आठवड्यात हाताने लिहिलेलं एक पान घेऊन आले होते. शालिनी पारधे नावाच्या बाईंचा दीक्षाविधी होता. दीक्षा झाली की माणूस पूर्ण पाळक होतो, म्हणजे चर्चचा पास्टर. त्या चर्चमध्ये आजवर बाईला दीक्षा मिळाली नव्हती. हिवाळे साहेबांनी मला त्यांची सगळी गोष्ट सांगितली. शालिनीबाई बावीस वर्षं तिथे काम करत होत्या. आजाऱ्यांना भेटणं, मुलांचे वर्ग, मयताच्या घरी सगळ्यात आधी पोचणं, सगळं त्याच करायच्या. फक्त प्रभुभोजन देता येत नव्हतं. प्रभुभोजन म्हणजे उपासनेत भाकर मोडून आणि द्राक्षरस घेऊन येशूची आठवण करायचा विधी. तो दीक्षित पाळकच देऊ शकतो. म्हणून महिन्यातून एकदा रतलामहून एक साहेब बसने यायचे. भाकर शालिनीबाई कापायच्या, पेले त्या भरायच्या, टेबलावर कापड त्या अंथरायच्या आणि मग बाजूला उभ्या राहायच्या. एकदा बस बंद पडली. सगळी मंडळी दुपारी दोनपर्यंत उपाशी बसली. भाकर समोर, शालिनीबाई समोर, पण उचलणारा बसस्टँडवर.

त्यांना दीक्षा द्यावी की नाही यावर पंच कमिटीत दोन वर्षं वाद चालला होता. शेवटी काय ठरलं ते बऱ्याच जणांना या कार्डावरूनच कळणार होतं. हे हिवाळे साहेबांनी मला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित मी जपून काम केलं असतं. नक्की सांगता येत नाही.

पानावर लिहिलं होतं: ‘पाळक शालिनी पारधे यांचा दीक्षाविधी’. मला ती चूक वाटली. बाईंना पाळक कसं म्हणायचं? शाळेत लिंग बदलाचा तक्ता पाठ केला होता. मालक, मालकीण. म्हणून पाळक, पाळकीण. नुसतं पाळकीण उद्धट वाटलं, म्हणून मान देऊन ‘बाई’ जोडलं. पानभर तो शब्द सात वेळा होता. एकेक कुठे बदलत बसायचं? कॉम्प्युटरमध्ये फाइंड अँड रिप्लेस नावाची सोय असते. एक शब्द शोधायचा, त्याच्या जागी दुसरा टाकायचा. रिप्लेस ऑल दाबलं की सगळीकडे एकदम बदलतो. मी दाबलं. मकासरे साहेब पाळकीणबाई झाले. ‘पाळकवर्गाची मिरवणूक’ होती, ती ‘पाळकीणबाईवर्गाची मिरवणूक’ झाली.

छापण्याआधी आम्ही प्रूफ दाखवतो. प्रूफ म्हणजे साध्या कागदावर काढलेला नमुना. तो ग्राहकाने वाचून सही करायची. हिवाळे साहेब चष्मा घरी विसरले होते. त्यांनी फोटो बघितला, तारीख मला वाचायला लावली आणि सही केली. बुधवारी दोनशे कार्डं मंडळीत, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांत, वाटली गेली.

“पण साहेब, पाळकीणबाईत चूक काय आहे?” मी विचारलं.

“पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको, बेटा. शंभर वर्षांपासून.”

मला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. कार्ड वाचून अर्ध्या मंडळीने असं धरलं होतं की नवऱ्याचं नाव छापायचं राहिलंय, दीक्षा त्यालाच आहे आणि शालिनीबाई शेजारी बसणार आहेत.

त्यांचे मिस्टर पारधे सर बिजली विभागातून रिटायर झालेले. चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसतात आणि प्रवचनात झोपतात, असं हिवाळे साहेबांनीच सांगितलं. त्यांना बुधवारपासून अभिनंदनाचे फोन येत होते. गुरुवारी उजागरे मावशी त्यांच्या घरी गेल्या. या मावशी मंडळीतल्या सगळ्यात जुन्या, आणि बाईने भाकर मोडायला सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच. “पाळकीण भाकर मोडते ती स्वयंपाकघरात,” असं त्या मीटिंगमध्ये बोलल्या होत्या. कार्ड बघून त्या खूश होत्या. देवाने अखेर पंचांना अक्कल दिली, असं त्यांनी तीन घरी सांगितलं. मग पारधे सरांसमोर पाय पसरून बसल्या आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून प्रार्थना करायला लावली.

“सरांनी नाही म्हणायचं ना,” मी म्हणाले.

“म्हातारीला नाही कोण म्हणणार? केली प्रार्थना. आणि गुडघा दुखायचा थांबला.” हिवाळे साहेबांनी कपाळाला हात लावला. “आता ती सगळ्यांना सांगत फिरतेय की बघा, खरा पाळक कोण ते.”

गोष्ट इथवरच थांबली असती तर हसून सोडता आली असती. पण खरं काय ते कळल्यावरही मावशींच्या बाजूच्या चार जणांनी कमिटीला कळवलं होतं की छापील कार्डात पाळकीणबाई लिहिलंय, तर शालिनीबाईंना पहिल्या रांगेत बसवा, फुलं द्या, आणि भाकर या वेळीही रतलामच्या साहेबांनाच मोडू द्या. दीक्षा उद्याच, रविवारी होती. माझ्या एका शब्दाने बाईंची बावीस वर्षं पुन्हा टेबलाच्या बाजूला उभी राहणार होती.

राठौर भियांनी प्रेसला फोन लावला. प्रेसवाल्याने हात वर केले, मशीनवाला लग्नाला गेला होता. भिया मला रागावले नाहीत. “गलती सबसे होती है, पर दो सौ बार नहीं,” एवढंच म्हणाले.

तेवढ्यात शालिनीबाई स्वतः आल्या. मागे पारधे सर, हातात कचोरीचा पुडा. मी उभी राहिले. बोलायचं खूप ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, “मी व्याकरणाने गेले, बाई.”

“व्याकरण बरोबरच आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्षं मला कुणी ताई म्हणतं, कुणी सिस्टर म्हणतं, कुणी अहो म्हणतं. शब्द शोधायला बसलेली तू पहिलीच.”

मग आम्ही खरंच शब्द शोधायला बसलो. मी हळूच ‘पाळिका’ सुचवलं.

“नगरपालिका वाटते,” पारधे सर म्हणाले. “लोक घरातून कचऱ्याची बालटी घेऊन येतील.”

हिवाळे साहेब म्हणाले, ‘महिला पाळक’ लिहू, सगळ्यांना पटेल. शालिनीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. “मग मकासरे साहेबांच्या आधी ‘पुरुष पाळक’ लिहिणार का?”

हिवाळे साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. आज तो होता.

“पाळकच लिही,” त्या मला म्हणाल्या. “पानावर होतं तेच.”

उपाय भियांनी काढला. स्टिकर पेपरवर शब्द छापायचा, पट्ट्या कापायच्या आणि उद्या दारात उभं राहून प्रत्येकाच्या कार्डावर सातही जागी चिकटवायच्या. पण ‘पाळकीणबाई’ लांब शब्द आहे आणि ‘पाळक’ आखूड. खालचं झाकायला पट्टी लांब हवी, मग बाजूला पांढरी जागा उरते. भिया म्हणाले, वहाँ एक फूल डाल देते हैं.

“फूल नको,” शालिनीबाई म्हणाल्या. “अक्षर मोठं कर.”

मी मोठं केलं. पट्टी भरली. आता कार्डावर ‘पाळक’ हा शब्द दीक्षा देणाऱ्या बिशप साहेबांच्या नावाहून मोठा दिसत होता. मी तसं दाखवलं. भियांनी तोवर कात्री काढली होती, म्हणून राहू दिला.

निघताना पारधे सर मागे थांबले. “बेटा, पाळकीणबाई लिहिलेली एक पट्टी मला दे. मोठ्या अक्षरात.”

रविवारी सकाळी मी पट्ट्यांचे कागद घेऊन चर्चच्या दारात उभी राहिले. लोक कार्ड पुढे करत, मी चिकटवत होते. मकासरे साहेब आले तेव्हा मी माफी मागितली. ते म्हणाले, खऱ्या पाळकीणबाईंनी घरी कार्ड वाचून दाखवलंय आणि तेव्हापासून घरचा चहा मलाच करावा लागतोय. उजागरे मावशींनी कार्ड पर्समध्ये घातलं. “माझं आहे तसं राहू दे,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी मागच्या बाकावर बसले. दीक्षा झाली. मग प्रभुभोजनाची वेळ आली. हिवाळे साहेबांनी उभं राहून कार्डावरची ओळ मोठ्याने वाचली: नवदीक्षित पाळक भाकर मोडतील. या वेळी त्यांनी चष्मा लावला होता. शालिनीबाई टेबलाच्या बाजूला उभ्या होत्या, सवयीने. मग दोन पावलं चालून त्या टेबलामागे गेल्या. त्यांनी भाकर उचलली आणि मोडली. रांग पुढे सरकली. मावशी आणि आणखी तीन-चार जण जागेवरच बसून राहिले.

नंतर अंगणात चहा होता. तिथे अशी पद्धत आहे की पाहुण्यांना पहिला चहा पाळकीणबाईंनी द्यायचा. शालिनीबाई पांढऱ्या झग्यात दारापाशी सगळ्यांशी हात मिळवत होत्या. मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “आता चहा कोण देणार? या चर्चला पाळकीणबाई आहेत की नाही?”

“आलो, आलो,” म्हणत पारधे सर किटली घेऊन पुढे आले. शर्टाच्या खिशावर माझी पट्टी होती.

आधी बिशप साहेब हसले, मग सगळेच. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी कप घेतला, बशीत ओतून चहा प्यायला आणि मग जरा हळू आवाजात सरांना म्हणाल्या की सकाळपासून इतका वेळ बसून गुडघा परत धरलाय, जरा हात ठेवा.

“मावशी, मी चहाचा,” सर म्हणाले. “गुडघा पाळकांकडे.”

मावशींनी कप खाली ठेवला. एकदा दाराकडे बघितलं, एकदा गुडघ्याकडे. मग काठी टेकत शालिनीबाईंच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर पाचवा होता. शालिनीबाई झगा सावरून खाली बसल्या आणि त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला.

गुडघ्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. पण महिन्याभराने मावशी आमच्या दुकानात आल्या. पणतीच्या बाप्तिस्म्याचं कार्ड करायचं होतं. मी टाइप करता करता थांबले आणि विचारलं, बाप्तिस्मा देणाऱ्यांना काय लिहू?

“पाळक लिही. दुसरं काय लिहिणार?” मावशी म्हणाल्या. “आणि प्रूफ मला दाखव. हिवाळ्याला नको.”

तेव्हापासून मी रिप्लेस ऑल दाबत नाही. एकेक शब्द बघून बदलते. वेळ लागतो. आणि एखाद्या शब्दाचं स्त्रीलिंग करायच्या आधी त्या शब्दात कुणाची बायको राहते का, ते विचारून घेते. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ग्राहकांसाठी वाचायचा एक चष्मा ठेवला आहे.